कॅन्सरला सगळे आले, शुगरला कोणी नाही

(बेलापूर येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. इंजिनिअर आहे, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. त्यामुळे भाषण संपल्यावर कुणी मला गोळीचं नाव किंवा डोस विचारू नका. मला बोलायला सांगितलंय ते वेगळ्या गोष्टीवर. एकाच माणसाला आधी कॅन्सर निघतो आणि उपचार चालू असतानाच शुगरही निघते, तेव्हा त्या माणसाच्या मनाचं काय होतं? आणि घरातल्या तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांनी त्या वेळी काय करायचं? हे मी माझ्या अम्मीच्या आजारपणात जवळून पाहिलं. तिला विचारूनच बोलते आहे. तिने दोन अटी घातल्यात. एक, नाव घ्यायचं नाही. दुसरी, ‘वहाँ जाके रोना मत.’ पहिली नक्की पाळीन.

आपल्या या पट्ट्यात ‘शुगर’ हा शब्दच मोठा गमतीचा आहे. माझे नाना हरेगावच्या बेलापूर कंपनीत कामाला होते. अम्मीच्या लहानपणी शुगर म्हणजे कारखाना. शुगर चालू झाली म्हणजे गळीत हंगाम सुरू झाला, घरात पगार येणार. इकडे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी पहिला सहकारी कारखाना उभा केला तो १९५० सालचा. म्हणजे तीन पिढ्या आपण साखरेवर जगलो. आणि आता त्याच शब्दाने घरोघरी आजार ओळखला जातो. ‘मधुमेह’ कोणी म्हणत नाही. ‘मेरेकू शुगर है’ एवढंच.

अम्मीला आधी छातीत गाठ लागली. ती आंघोळीच्या वेळी हाताला लागली आणि तिने दोन महिने कुणाला सांगितलं नाही. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईची तपासणी, मग बायोप्सी. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर मराठी-इंग्रजीत बोलणारे, आणि घरात भाषा दख्खनी. मध्ये मी.

इथे जरा थांबते, कारण हे तुमच्यापैकी प्रत्येकावर कधी ना कधी येणार आहे. आपल्या घरांमध्ये शिकलेला मुलगा किंवा मुलगी हाच दुभाष्या असतो. बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात. आणि दुभाष्याच्या हातात फार मोठी ताकद असते. डॉक्टरांनी पाच वाक्यं सांगितली, त्यातली किती आईपर्यंत पोचवायची हे तो ठरवतो. माझे मामू म्हणाले, ‘उसकू मत बताव, सादी गाँठ बोलो.’ अब्बांचंही तेच मत. त्यामागे प्रेम होतं, मला मान्य आहे. पण मी अम्मीला संध्याकाळी एकटीला बसवून सांगितलं. ती म्हणाली, ‘मेरेकू मालूम है.’ कसं कळलं? तर ज्या इमारतीत आपण गेलो तिथे दारावर मोठ्या अक्षरात ‘कर्करोग विभाग’ लिहिलं होतं. अम्मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिला मराठी वाचता येतं, हे घरातले सगळे पुरुष विसरले होते!

लपवण्याचा खरा तोटा हा की रोगी एकटा पडतो. त्याला माहीत असतं, घरच्यांना माहीत असतं, आणि दोघंही एकमेकांसमोर नाटक करत बसतात. केमो चालू असताना त्या नाटकाला लागणारी शक्ती कुणाकडे नसते.

मग कॅन्सरची बातमी बाहेर गेली आणि घर भरलं. अगदी खरंच भरलं. नेवाशाहून फुफ्फी आल्या, राहुरीहून खाला आली, गल्लीतल्या मराठा आणि माळी बायका डबे घेऊन आल्या. मशिदीत दुआ झाली. शेजारच्या काकूंनी त्यांच्या देवाला नवस बोलला आणि तो आम्हाला सांगितलाही. कुणीही अम्मीला विचारलं नाही की तुला हे कशामुळे झालं. कॅन्सरला लोक घाबरतात, नाव घेत नाहीत, पण त्यात माणसाचा दोष धरत नाहीत, निदान छातीच्या कॅन्सरमध्ये तरी. तंबाखूवाल्याची गोष्ट वेगळी, त्याला लोक तोंडावर बोलतात.

अम्मीने ऑपरेशन सोसलं. केस गेले तेही सोसलं. त्यात एक सोय होती, डोक्यावर दुपट्टा असतोच. बाहेरच्या कुणाला काही दिसलं नाही. या सगळ्या काळात मी तिला रडताना पाहिलं नाही.

केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर तिला खूप तहान लागायला लागली. रात्री चार-पाच वेळा उठायची. सगळ्यांना वाटलं केमोमुळे तोंड कोरडं पडतंय. तिसऱ्या फेरीआधी रक्त तपासलं तर साखर ३८६. फेरी पुढे ढकलली. इन्सुलिन सुरू झालं. आणि त्या दिवशी घरी येताना गाडीत अम्मी पहिल्यांदा रडली. मोठ्याने. तिचं वाक्य मी जसंच्या तसं सांगते, ‘कॅन्सर तो अल्ला ने दिया. शुगर मैं खुद लाई क्या?’

आजचं माझं सगळं बोलणं या एका वाक्यावर आहे.

का रडली ती? ३८६ हा आकडा काही कॅन्सरहून मोठा नव्हता. पण शुगर म्हटल्याबरोबर लोकांची भाषा बदलली. जे आठवडाभर ‘अल्लाह शिफा दे’ म्हणत होते तेच विचारू लागले, काय खात होतीस? गोड फार खाल्लं असशील. चालत नव्हतीस ना? एका दवाखान्यात तर केस पेपर लिहिणाऱ्या माणसाने मान वर न करता विचारलं, ‘बिर्याणी किती वेळा होते घरात?’ आता आमच्या घरी बिर्याणी ईदला आणि लग्नात. रोजची भाकरी-भाजी आणि डाळ. पण त्याच्या डोक्यात आमचं घर म्हणजे बिर्याणीचा हंडा. तो घाव शुगरचा नव्हता, दुसराच होता, पण लागला त्याच जागी.

म्हणून पहिलं काम दोष उतरवण्याचं. आणि ते नुसतं ‘तू काळजी नको करू’ म्हणून होत नाही. ज्याला दोषी वाटतंय त्याला कारण समजावून द्यावं लागतं. मी अम्मीला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

केमोच्या औषधांबरोबर उलटी होऊ नये म्हणून, आणि काही औषधांची अ‍ॅलर्जी येऊ नये म्हणून, स्टेरॉइड देतात. नाव डेक्सामेथासोन. हे औषध फार उपयोगाचं आहे, त्याच्यावाचून केमो सोसणं अवघड. पण ते यकृताला जास्त साखर सोडायला लावतं आणि शरीराला इन्सुलिनचं ऐकू देत नाही. ज्यांची साखर आधीच काठावर आहे त्यांची साखर स्टेरॉइडने काठ ओलांडते. अम्मीची ऑपरेशनच्या आधीची उपाशीपोटीची साखर १०८ होती. म्हणजे ती काठावरच होती, आणि ढकललं औषधाने. काहींची साखर उपचार संपल्यावर खाली येते, काहींची राहते. अम्मीची राहिली.

मग काठावर का होती? तिचं वजन जास्त नव्हतं. इथे पुण्याच्या डॉक्टर चित्तरंजन याज्ञिकांचं काम मला फार उपयोगी पडलं. केईएम रुग्णालयात त्यांनी आयुष्यभर मधुमेहावर संशोधन केलं. त्यांचा आणि लंडनच्या प्राध्यापक जॉन युडकिन यांचा एकत्र काढलेला एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघं पांढऱ्या शर्टात शेजारी शेजारी, आणि उंचीच्या मानाने वजन, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचंही अगदी सारखं, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीचा असतो, आणि याची सुरुवात आईच्या पोटात असल्यापासून होते, असं याज्ञिकांचं म्हणणं. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून त्यांनी माता आणि मुलं यांचा अभ्यास केला. मी तो फोटो मोबाइलवर अम्मीला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘ये डाक्टर तो अपने जैसा दिखता.’ एवढंच. पण त्या रात्री ती जेवली.

देशात शुगर असलेले लोक १० कोटींच्या वर आहेत, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीतला आकडा आहे हा. १० कोटी माणसांनी एकाच वेळी पाप केलं असेल असं काही मला वाटत नाही.

आता ताटाकडे येते, कारण खरी लढाई तिथे होते. कॅन्सरचे डॉक्टर सांगतात, जे जाईल ते खाऊ द्या, वजन उतरता कामा नये. शुगरचे डॉक्टर सांगतात, हे नको, ते नको, मोजून. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण ताट एकच आहे, आणि तोंडाची चव गेलेली बाई त्याच्यासमोर बसलेली आहे. त्यात नातेवाईक प्रेमाने खजूर आणतात, मध आणतात, उसाचा रस आणतात, आणि त्याच वेळी तिच्या हातातल्या भाताकडे बघतात. केस दुपट्ट्याखाली झाकता येत होते. ताट झाकता येत नाही. दावतीत अम्मीने शीरखुर्म्याची वाटी उचलली की चार डोळे वळायचे. तिने दावतींना जाणंच बंद केलं. लोकांना वाटलं कॅन्सरमुळे येत नाही.

आम्ही केलं ते इतकंच की दोन्ही डॉक्टरांची चिठ्ठी एकमेकांना दाखवली आणि आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं की केमोच्या दिवसांत कुणाचं ऐकायचं. त्यांनी साफ सांगितलं, केमोच्या त्या दिवसांत पोटात जाणं महत्त्वाचं, साखर इन्सुलिनने सांभाळू. अंडी, दही, डाळ, चिकन जास्त, गोड पेय नको. एक उत्तर मिळालं की निम्मी घालमेल थांबते. दोन डॉक्टरांच्या मधल्या खड्ड्यात रोग्याला पडू देऊ नका. तिथे दुभाष्याने उभं राहायचं.

एक गोष्ट इन्सुलिनबद्दल. आपल्यात दोन भीती आहेत. एक, इन्सुलिन लागलं म्हणजे माणूस संपला. दुसरी दबक्या आवाजातली, इन्सुलिन डुकराचं असतं. माझ्या एका नातेवाईक बाईंनी हे अम्मीच्या कानात सांगितलं आणि तिने दोन दिवस सुई टोचून घ्यायला नकार दिला. तेव्हा सांगते. १९२२ साली टोरोंटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं, आणि त्यानंतर अनेक वर्षं ते गाई आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत, हे खरं आहे. पण १९८२ पासून मानवी इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टमध्ये तयार होऊ लागलं आणि आता दुकानात मिळतं ते तेच. शेजारच्या औरंगाबादेत वोक्हार्ट कंपनीने ते बनवलं आणि २००३ साली बाजारात आणलं. ती कंपनी खोराकीवाला यांची आहे, म्हटल्यावर नातेवाईक बाई गप्प झाल्या. खरं तर कंपनी कुणाची याने औषधाला फरक पडत नाही, पण घरात वाद मिटवायला असली माहिती कामाला येते.

आणि इन्सुलिन हा शेवट नाही, हे अम्मीच्या बाबतीत दिसलं. केमो संपल्यावर ती गोळ्यांवर आली.

आता आकड्यांची गोष्ट. ही माझ्या धंद्याच्या जवळची आहे. घरी ग्लुकोमीटर आणला. दुबईच्या भाईजानने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला, त्यात रोज सकाळी प्रश्न, ‘आज कितना?’ अम्मी वहीत लिहायची आणि अब्बा फोटो टाकायचे. १३५, १४२, १३८. सगळे अंगठे दाखवायचे, माशाअल्लाह म्हणायचे. मी सुट्टीत आले तेव्हा बॅटरी बदलायला मीटर हातात घेतला. त्याच्या मेमरीत आकडे होते २६८, ३११, २४०.

मी ग्रुपवर काही टाकलं नाही. अम्मीला विचारलं. ती म्हणाली, ‘सब खुश हो जाते, इसलिए.’ शाळेत नापास झालेली मुलं प्रगतिपुस्तकावर सह्या करतात ना, तसं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला आम्ही रोज सकाळी परीक्षेला बसवत होतो.

आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की नंतर एक बैठक होते. तिला ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. नाव अशुभ आहे, पण पद्धत चांगली. कुणी बिघडवलं हे विचारायचं नाही, कसं बिघडलं ते विचारायचं. कारण माणसाला भीती वाटली की तो पहिल्यांदा नोंदी बदलतो, आणि नोंदी खोट्या झाल्या की बिघाड कधीच सापडत नाही. अम्मीच्या वहीत तेच झालं होतं. आणि धोका खरा होता, कारण केमोत पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा साखर वाढलेली राहिली तर जंतुसंसर्ग पटकन होतो.

तर ग्रुपवरचे आकडे बंद केले. भाईजान रागावले, पण ऐकलं. वही फक्त अम्मीची आणि डॉक्टरांची. आकड्याच्या शेजारी एक रकाना वाढवला, त्या दिवशी काय झालं. केमो होती का, झोप लागली का, उलटी झाली का, कुणाशी भांडण झालं का. तीन आठवड्यांनी दोघी मिळून बघितलं. मोठे आकडे कुठे होते? केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस. मग उतरत होते. अम्मी म्हणाली, ‘मतलब ये मेरी नहीं, दवाखाने की शुगर है.’ त्यानंतर तिने खरे आकडे लिहायला सुरुवात केली. अजून लिहिते. वाईट आलेला आकडाही लिहिते, आणि पुढे कधी कधी ‘आम’ एवढाच शब्द असतो. मोसमात.

आणखी एक बारीक गोष्ट, पण महत्त्वाची. मनाची घबराहट आणि शरीराची घबराहट वेगळी ओळखायला शिका. इन्सुलिन घेतलं आणि उलटीमुळे जेवण गेलं नाही तर साखर खाली जाते. हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, डोकं सुन्न होतं. घरचे म्हणतात, टेन्शन घेतलंय, दुआ पढ. दुआ पढा, पण आधी बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर, गिळू शकत असेल तर लगेच साखर-पाणी द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा आणि डॉक्टरांना फोन करा. उलट बाजूने, स्टेरॉइड स्वतःच झोप उडवतं, चिडचिड करवतं. ज्या रात्री अम्मी दोन वाजता उठून भांडी घासत होती ती रात्र केमोच्या दुसऱ्या दिवसाची होती. तिच्या स्वभावात बदल झाला नव्हता, तिच्या रक्तात औषध होतं. हे कळलं की घरात भांडणं कमी होतात.

पण सगळं औषधावर ढकलता येत नाही. दुःख दुःख असतं. डॉक्टर लोकांनीही हे उशिराच ओळखलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात जिमी हॉलंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९७७ पासून कॅन्सरच्या रोग्यांच्या मनावर काम सुरू केलं. त्याच रुग्णालयात नर्गिस दत्त यांच्यावर स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी उपचार झाले होते. ३ मे १९८१ रोजी त्या मुंबईत गेल्या. स्वादुपिंड म्हणजे जिथे इन्सुलिन तयार होतं तो अवयव, आणि त्याच्या कॅन्सरमध्ये काही वेळा अचानक वाढलेली साखर हीच पहिली खूण असते. म्हणजे हे दोन आजार आपण समजतो तितके परके नाहीत. नर्गिसच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आपल्याकडे बार्शीला आहे, सोलापूर जिल्ह्यात. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली. खेड्यातल्या बाईचा कॅन्सर मोजला पाहिजे असं कुणाला तरी वाटलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

तर त्या न्यूयॉर्कच्या लोकांनी एक साधी युक्ती काढली. तापाच्या थर्मामीटरचं चित्र, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे असह्य. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, त्यावर बोट ठेवायचं. चार किंवा वर असेल तर पुढे विचारायचं, कशाचा? पैशाचा, घरच्यांचा, दुखण्याचा, ईमानाचा? शुगरवाल्यांसाठीही बोस्टनमध्ये विल्यम पोलोन्स्की यांनी १९९५ साली वीस प्रश्नांची यादी केली. त्यातून एक गोष्ट ठळक झाली, की शुगरच्या माणसाचा त्रास नेहमीच डिप्रेशन नसतो. रोज, न चुकता, सुट्टीशिवाय स्वतःला सांभाळण्याचा तो थकवा असतो. अपराधी वाटणं, एकटं वाटणं, जेवणाची भीती. त्यावर गोळीपेक्षा वाटून घेतलेलं काम जास्त लागू पडतं.

मी अम्मीसाठी कॅलेंडरच्या मागे थर्मामीटर काढला. ‘कैसी हो’ विचारलं की ती ‘अल्हमदुलिल्लाह’ म्हणायची, तो विषय तिथेच संपायचा. बोट ठेवताना मात्र खोटं बोलता येत नव्हतं. एका शुक्रवारी तिने आठवर बोट ठेवलं. कशाचं? कॅन्सर परत येईल का, हे नव्हतं. रोज्यांचं होतं. रमजान पंधरा दिवसांवर आला होता.

ही जागा तुम्हाला सगळ्यांना ओळखीची असेल. आजाऱ्याला रोजा माफ आहे, हे कुराणात स्पष्ट आहे. नंतर पूर्ण करावा, आणि बरं होण्याची आशाच नसेल तर एका रोज्यामागे एका गरिबाला जेवण, ज्याला आपण फिदिया म्हणतो. अम्मीला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण चाळीस वर्षं जी बाई घरात सगळ्यात आधी सहरीला उठली, तिला सवलत म्हणजे हकालपट्टी वाटत होती. तिला फतवा नको होता, जागा हवी होती. मग ठरलं, सहरीचा स्वयंपाक तिच्याच देखरेखीखाली, फिदियाचे डबे तिने स्वतः भरून द्यायचे. त्या महिन्यात तिचं बोट पाचाच्या वर गेलं नाही. आणि ज्यांना शुगर आहे पण रोजा ठेवायचाच आहे, त्यांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावं. बोट टोचून साखर तपासली तर रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा. यात बहादुरी दाखवायची नसते.

‘सब्र कर’ हे आपण फार सहज म्हणतो. हजरत याकूब मुलासाठी रडून रडून आंधळे झाले, आणि त्यांच्या सब्राला सुंदर सब्र म्हटलं गेलं. पैगंबरांच्या मांडीवर त्यांचा लहानगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांचेही डोळे भरले. मग आपल्या अम्मीने गाडीत रडलं तर तिचा सब्र कुठे कमी पडला?

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आमची केमो झाली, कागद आधी पूर्ण करा. पण घरातल्या स्ट्रिप्स, सुया, इन्सुलिन यांचा खर्च आम्हाला खिशातून झाला, त्याची तजवीज ठेवा. स्ट्रिप वाचवण्यासाठी बायका तपासणी टाळतात आणि सांगत नाहीत. आशाताई घरी येऊन तीस वर्षांवरच्यांचा जो फॉर्म भरतात त्यात शुगर आणि कॅन्सर दोन्हीचे प्रश्न आहेत. २०१० साली सरकारने या दोन्हींसाठी, हृदयविकार आणि पक्षाघातासकट, एकच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्या फॉर्मला हसू नका, अम्मीला बसवून भरा. आणि मन फारच बसलं, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा सुरू झाली, तर टेलिमानसचा फुकट नंबर आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर रोग्यासाठी आहे तसाच सांभाळणाऱ्यासाठीही आहे. माझ्या धाकट्या बहिणीने, जिने शिक्षण थांबवून वर्षभर अम्मीची रात्र काढली, तिने एकदा पहाटे लावला होता. आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. आजारी आईची चौकशी गावाने केली, त्या मुलीची कुणी केली नाही. तुमच्या घरात अशी एखादी मुलगी असेल तर आज घरी गेल्यावर आधी तिला विचारा. तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, बारावीची, एक वर्ष उशिरा.

अम्मीचं आता बरं आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी, रोज गोळ्या. तळपायाला मुंग्या येतात. केमोच्या औषधानेही येतात आणि शुगरनेही, त्यामुळे कुणाच्या नावावर लिहायच्या हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. रोज रात्री कुणीतरी तिचे पाय बघतं, जखम, फोड काही आहे का. अब्बांनी ते काम घेतलंय. चष्मा लावून, टॉर्च घेऊन बसतात. पहिले काही दिवस दोघांनाही फार संकोच वाटायचा.

बाहेर चहा आहे. डावीकडच्या किटलीत बिनसाखरेचा आहे, उजवीकडे नेहमीचा. कोण कुठल्या किटलीकडे जातो हे बघत उभं राहू नका. मागच्या खोलीत मी ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्स आणल्यात. ज्याला तपासायचं त्याने एकेकट्याने यावं, आकडा फक्त त्यालाच सांगू. प्रश्न असतील तर आधी बहिणींचे घेऊ, त्यांना बस लवकर आहे.